तीन पायऱ्या आणि एक पावती

नवरात्रात अंबडला मत्स्योदरीच्या दर्शनाला यायचं, हा माझ्या अक्काचा नेम. लग्न होऊन तिला तीस वर्षं उलटून गेली, पण तिनं तो मोडला नाही. घटस्थापना झाली की ती आणि दाजी एसटीनं येणार, एक मुक्काम आमच्याकडं करणार आणि पहाटे गर्दी व्हायच्या आत देवीची टेकडी चढणार. दाजी फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. पण पायऱ्या चढताना त्यांनी कधी कुणाचा हात धरल्याचं मला आठवत नाही. उलट आम्ही बायकाच मध्ये दम खायला थांबायचो आणि ते वर जाऊन आमची वाट बघत बसायचे.

आता तीन वर्षं झाली, दाजी टेकडीच्या पायथ्याशीच थांबतात. नारळ-खणाच्या दुकानाजवळ व्हीलचेअर लावायची, अक्कानं वर जाऊन यायचं, मग अंगारा त्यांच्या कपाळाला लावायचा. पहिल्या वर्षी मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "दाजी, चार पोरं बोलावते, खुर्चीसकट वर नेतील." तर ते हसले. म्हणाले, "मेव्हणीबाई, देवीचं सोडा. तिला माझी अडचण दिसते. घरच्या तीन पायऱ्यांचं काय करायचं ते सांगा."

त्या तीन पायऱ्यांचीच ही गोष्ट आहे. अक्काचं गाव कोणतं ते मी सांगत नाही. तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. एका गावाला नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. अशी घरं आणि अशा कचेऱ्या सगळीकडंच आहेत.

सुरुंग फुटला, तेव्हा

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर आपलं सैन्य महिनोन्‌महिने पश्चिम सीमेवर उभं राहिलं. 'ऑपरेशन पराक्रम' हे त्या मोहिमेचं नाव. युद्ध झालं नाही, म्हणून पुष्कळांच्या ते लक्षातही नाही. पण सीमेवर त्या वेळी लाखो सुरुंग पेरले गेले आणि ते पेरताना, नंतर काढताना आपले कितीतरी जवान जखमी झाले. दाजी त्यातलेच एक. तेव्हा त्यांची मुलगी पहिलीत होती.

पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय बसवला. हे केंद्र १९४४ पासूनचं, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी सुरू झालेलं. अक्का तिथं बरेच दिवस राहिली. ती सांगायची, "तिथं गेल्यावर मला माझं दुःख लहान वाटाया लागलं." खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रातही ती एकदा जाऊन आली. पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान तिथं राहतात, १९७४ पासून ते केंद्र आहे. व्हीलचेअरवर बसून तिथले जवान इकडून तिकडं एकटे फिरत होते, हे तिच्या मनात पक्कं राहिलं. "कुणी कुणाला उचलत नव्हतं गं," असं ती मला म्हणाली होती. या वाक्याचा अर्थ मला वीस वर्षांनी कळला.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर तर सगळ्यांना ठाऊक आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. असं काही वाचलं, पाहिलं की ऊर भरून येतो. पण पदक मिळवणारा असो की बँकेच्या दारावर सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा असो, रात्री त्याला घरातल्या संडासापर्यंत जावंच लागतं. त्या वाटेबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दाजींनी बँकेच्या दारावर बारा वर्षं काढली. दिवसभर उभं राहायचं काम. सगळा भार उजव्या पायावर. शेवटी तो गुडघा झिजला. त्यात साखर निघाली. खुंटाला जखमा होऊ लागल्या आणि डॉक्टरांनी कृत्रिम पाय लावायला मनाई केली. अपंगत्व त्यांना एकदा तरुणपणी आलं होतं, ते पन्नाशीनंतर दुसऱ्यांदा आलं.

भार कुणाच्या कमरेवर?

आपल्याकडं घर बांधताना जोतं उंच ठेवतात. पावसाचं पाणी आत येऊ नये, विंचू-किरडू येऊ नये, म्हणून. उंच जोत्याचं घर दिसायलाही भारदस्त दिसतं. अक्काच्या घराचं जोतं दीड फुटाचं. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या. आत उंबरा. संडास मागं परसात, आणि तिथं जायला पुन्हा दोन पायऱ्या खाली.

तुम्ही म्हणाल, पाचच तर पायऱ्या. मैत्रिणींनो, सत्तर किलोचा माणूस खुर्चीत बसवून एकदा त्या उतरवून बघा. अक्का दिवसातून चार वेळा ते करायची. मुलगी सासरी, मुलगा पुण्यात कामाला. शेजारचा पोरगा असला तर हात लावायचा, नसला तर हिची एकटीची कमर. वर्षभरात तिला पट्टा बांधावा लागला. दाजींनी तर संध्याकाळनंतर पाणी पिणंच बंद केलं. रात्री उठावं लागू नये, बायकोला उठवावं लागू नये म्हणून. साखरेचा माणूस आणि पाणी कमी! हे मला अक्कानं सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांच्या ओळखीत त्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि तो तहानसुद्धा दाबून ठेवत होता.

मग अक्कानं ठरवलं, उतार करायचा. गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं अंगणात जागा होती तेवढ्यात, सहा फुटांत, सिमेंटचा उतार करून दिला. तो एवढा उभा झाला की खुर्ची वर ढकलताना अक्काचा पाय घसरला. खुर्ची मागं आली, अक्का खाली. दाजी वाचले, अक्काचं मनगट मोडलं. वर उताराचं टोक गल्लीच्या नालीवर आलेलं. शेजाऱ्यानं तक्रार केली आणि आठ दिवसांत नोटीस दारात. केलेलं सगळं फोडावं लागलं.

'तसा रकानाच नाही'

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर मी अक्काकडं गेले. म्हटलं, आता जे करायचं ते रीतसर. एक इंजिनिअर गाठला. त्यानं मापं घेतली आणि सांगितलं, एक इंच उंचीला एक फूट लांबी धरायची. म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट उतार. अंगण सात फुटांचं. तेव्हा उतार घराच्या बाजूनं वळवून न्यावा लागेल, वळणावर सपाट जागा सोडावी लागेल आणि आतल्या बाजूला खोलीला लागून नवा संडास-बाथरूम काढावा लागेल. बांधकाम वाढणार म्हणजे परवानगी आली.

मग सुरू झाली ती कागदांची आणि पैशांची यादी. मालकीचा उतारा, घरपट्टी भरल्याचा किंवा माफीचा कागद, नकाशा, अर्ज, छाननीचं शुल्क, विकास शुल्क. नकाशाचे पैसे वेगळे. सगळं मिळून साडेआठ हजारांच्या वर गेलं. पेन्शनीत घर चालवणाऱ्या बाईला हा आकडा थोडा नाही. दाजींच्या औषधांचे अक्का दर महिन्याला वेगळे काढून ठेवते, त्यातून ते गेले.

खिडकीवरचा बाबू वाईट नव्हता. त्यानं दाजींचं ओळखपत्र पाहिलं, खुर्ची मागवली, चहा विचारला. मी म्हटलं, "भाऊ, हे काही हौसेचं बांधकाम नाही. माणूस घरातून बाहेर पडावा म्हणून आहे. यात काही सवलत?" त्यानं अर्ज उलटून-पालटून पाहिला. निवासी, वाणिज्य, वाढीव बांधकाम, असे रकाने होते. म्हणाला, "ताई, तुमचं खरं आहे. पण माह्याकडं तसा रकानाच नाही. कुठं लिहू?" आणि त्यानं 'वाढीव बांधकाम' या रकान्यात खूण केली. शेजाऱ्यानं गच्चीवर भाड्यासाठी दोन खोल्या काढल्या, तोही त्याच रकान्यात. अक्काचा उतारही त्याच रकान्यात.

मला खरी गंमत पुढंच वाटली. याच घराची घरपट्टी माफ आहे. २०२० साली महाराष्ट्र सरकारनं बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं योजना काढून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ केली. त्याआधी शौर्यपदकं मिळवणाऱ्यांसारख्या मोजक्यांनाच अशी सवलत होती, ती सगळ्यांपर्यंत आली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणला की काम होतं. चांगलाच निर्णय आहे तो. म्हणजे फौजीचं घर आहे म्हणून दरसाल कर घेत नाहीत, पण त्याच फौजीला त्याच घरातून बाहेर पडायला उतार बांधायचा तर शुल्क घेतात. कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. कुणाच्या ते डोक्यातच आलेलं नाही, एवढंच.

दुसरीकडं काय करतात?

घरी आल्यावर मी माझ्या भाच्याला म्हटलं, जगात कुठं याचा विचार झालाय का ते शोधून दे. त्यानं जे काढलं, ते वाचून मला बरंही वाटलं आणि हळहळही.

अमेरिकेत इलिनॉय नावाच्या राज्यात कायदाच आहे. अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाच्या घरात त्या अपंगत्वासाठी बदल करायचे असतील, तर बांधकाम परवान्याचं शुल्क घ्यायचं नाही. आणि त्यात नुसतं सैनिकाचं नाव नाही, त्याची देखभाल करणाऱ्या व्यक्तीचंही आहे. तिच्याकडूनही घ्यायचं नाही. ही ओळ मी अक्काला दोनदा वाचून दाखवली. तिकडच्या केंद्र सरकारकडून तर अशा सैनिकांना घर सोयीचं करून घ्यायला १९४८ पासून अनुदान मिळतं. इंग्लंडमध्ये हा प्रश्न सैनिकांपुरता ठेवलेला नाही. कुणाही अपंग माणसाच्या राहत्या घरात केवळ त्याच्या सोयीसाठी बदल करायचा असेल, तर स्थानिक संस्था बांधकाम तपासणीचं शुल्क घेत नाही.

आपल्याकडं कायदे नाहीत असं नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, तो २०१७ पासून लागू झाला. त्यामुळं सार्वजनिक इमारतींना उतार आले, काही ठिकाणी नावाला का होईना, पण आले. नगरपालिका-ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असाही शासनाचा नियम आहे. पूर्वी ते तीन टक्के होते. २०२० च्या राज्याच्या नव्या बांधकाम नियमावलीनं छोट्या भूखंडांवरच्या घरांची परवानगी पुष्कळ सोपी केली. पण तिथंही शुल्क भरल्याची पावती लागतेच.

म्हणून मला वाटतं, यातून वाट काढणं फार अवघड नाही. अर्जात एक रकाना वाढवायचा, 'अपंगत्वासाठी घरातील बदल'. त्या रकान्यात खूण झाली आणि दाखला जोडलेला असला, की शुल्क माफ. माफ करायला नियम आडवा येत असेल, तर दिव्यांगांच्या त्या पाच टक्क्यांतून भरून टाकायचं. एका गावात वर्षाला असे अर्ज येऊन येऊन किती येणार? नगरपालिकेची तिजोरी त्यानं रिकामी होणार नाही.

मात्र परवानगीच नको, असं मी म्हणणार नाही. परवानगीशिवाय केलेल्या उतारानं अक्काचं मनगट मोडलं, हे मी विसरलेले नाही. उतार किती उभा, तो नालीवर किंवा रस्त्यावर येतो का, हे जाणकारानं बघायलाच हवं. तपासणी राहू द्या, पैसे तेवढे नकोत. उलट शुल्क नसलं तर लोक लपूनछपून करणार नाहीत, रीतसर विचारायला येतील.

दाजींना मी हे सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फक्त फौजीला काहून? पलीकडच्या गल्लीत तो स्लॅबवरून पडलेला सेंट्रिंगवाला आहे. त्याच्याबी घराला तीनच पायऱ्या आहेत. त्याला तर पेन्शनबी नाही." मला काही उत्तर सुचलं नाही. सुरुवात सैनिकांपासून झाली तर कुणी नाही म्हणणार नाही, हे खरं. पण तिथंच थांबू नये, हेही तेवढंच खरं.

आता निम्म्या जागा आपल्या

२०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. म्हणजे ठराव मांडणारी तुमच्या-माझ्यातलीच कुणीतरी असू शकते. नगरसेविका तुमच्या भिशीत असेल, भजनी मंडळात असेल, हळदीकुंकवाला येत असेल. तिला हा विषय सांगा. रस्ता, नळ, दिवे यांच्या यादीत हेही बसतं. कारण घरातल्या आजारी माणसाला उचलण्याचं काम ठरावात कुणाच्याही नावावर नसलं, तरी ते घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं.

अक्काचा उतार मागच्या उन्हाळ्यात पुरा झाला. दोन्ही बाजूंना जालन्याहून आणलेल्या लोखंडी पाइपचा कठडा आहे. सकाळी दूधवाल्याची घंटी वाजली की दाजी स्वतः खुर्ची फिरवत फाटकापर्यंत जातात, दूध घेतात, पेपर घेतात आणि गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. रात्री झोपताना उशाला पाण्याचा तांब्या भरून ठेवतात. शुल्काची ती पावती अक्कानं दाजींच्या डिस्चार्ज बुकाशेजारी, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. मी विचारलं, "ही कशाला गं ठेवलीस?" तर म्हणाली, "कुणी नगरसेविका भेटली तर दाखवायला."

चौकट : घरात उतार आणि सोयी करून घेताना

- उताराचं माप : एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंचाच्या एका पायरीला सहा फूट उतार. यापेक्षा उभा उतार खुर्ची ढकलणारीला आणि बसणाऱ्याला, दोघांनाही धोक्याचा.
- वळण असेल तिथं आणि दारासमोर साधारण पाच फूट लांब-रुंद सपाट जागा सोडा. खुर्ची वळायला तेवढी लागते.
- उताराला दोन्ही बाजूंनी कठडा आणि कडेला छोटी वरंडी हवी, म्हणजे चाक घसरून खाली जाणार नाही. फरशी गुळगुळीत नको, खरबरीत हवी.
- दार तीन फूट रुंद असावं. उंबरा काढता येत नसेल तर त्याला दोन्हीकडून छोटा उतार द्या.
- संडासात कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी, म्हणजे सुमारे दीड फूट. शेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा. दार बाहेर उघडणारं ठेवा. माणूस आत पडला तर दार अडत नाही.
- रंग, प्लास्टर, आतली फरशी अशा कामांना सहसा परवानगी लागत नाही. नवं बांधकाम असेल तर मात्र आधी कचेरीत विचारा.
- कागद एकत्र ठेवा : डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, माजी सैनिकाचं किंवा विधवेचं ओळखपत्र, अपंगत्वाचा दाखला आणि दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र.
- घरपट्टीची माफी अजून घेतली नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखल्यासाठी अर्ज करा. घरदुरुस्तीसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीत आपण बसतो का, तेही तिथंच विचारून घ्या.